१ ऑगस्ट : लोकमान्य आणि लोकशाहीर यांचा दिवस

महाराष्ट्राचे महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते. तलाठ्याच्या दप्तरातील गाव नमुने याच वर्षाला धरून लिहिले जातात, म्हणून राज्यात हा दिवस महसूल दिन म्हणून पाळला जातो. दप्तराबाहेर मात्र मराठी माणूस ही तारीख ओळखतो ती लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती म्हणून. जगाच्या इतिहासातही या तारखेच्या नावावर काही मोठ्या घटना आहेत.

१ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टली या धर्मोपदेशक-शास्त्रज्ञाने भिंगातून सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे लाल ऑक्साइड तापवले. त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती नेहमीपेक्षा किती तरी प्रखर जळू लागली. तो प्राणवायू होता. स्वीडनच्या कार्ल शेले यांना तो त्याआधीच गवसला होता; पण त्यांचे लेखन १७७७ साली प्रसिद्ध झाले. प्रिस्टली यांचे निष्कर्ष आधी छापून आल्याने शोधाचे श्रेय बराच काळ त्यांच्याकडे राहिले. 'ऑक्सिजन' हे नाव पुढे फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी दिले.

१ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलात आला. आधी कॅरिबियन बेटे आणि काही महिन्यांत दक्षिण आफ्रिका व मॉरिशस येथील मिळून सुमारे आठ लाख माणसे कायद्याने गुलाम उरली नाहीत. तरी उमेदवारीच्या नावाखाली बहुतेकांना आणखी काही वर्षे जुन्याच मालकांकडे राबावे लागले. कॅरिबियन बेटांतील ही उमेदवारी १ ऑगस्ट १८३८ रोजी संपली. जमैका आणि त्रिनिदाद येथे आजही हा दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा होतो. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख या कायद्यातून वगळलेला होता. गुलामगिरी संपल्यावर वसाहतींतील उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून भारतातून करारबद्ध मजुरांची जहाजे निघू लागली. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तेथे आजही आपली भाषा आणि गणेशोत्सव जपून आहेत.

१ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि युरोपातील संघर्ष महायुद्धाच्या वाटेला लागला. त्या युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक समुद्रापार गेले. दुसऱ्या महायुद्धात, १ ऑगस्ट १९४४ रोजी, पोलंडच्या वॉर्सा शहरातील भूमिगत सैनिकांनी नाझी सत्तेविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला. अॅमस्टरडॅममध्ये लपून राहिलेल्या अॅन फ्रँकच्या रोजनिशीतील शेवटची नोंदही त्याच दिवशीची आहे. तीन दिवसांनी ती पकडली गेली.

भारताच्या दृष्टीने या तारखेचे सर्वांत मोठे वर्ष १९२० आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळक आजारी होते. ३१ जुलैची मध्यरात्र उलटल्यावर त्यांची प्राणज्योत मालवली. भर पावसात लाखोंचा जनसमुदाय अंत्ययात्रेत लोटला. गांधीजींनीही खांदा दिला. नेहमीच्या स्मशानभूमीऐवजी गिरगाव चौपाटीच्या वाळूत त्यांचा अंत्यसंस्कार झाला. विरोधक ज्यांना 'तेली-तांबोळ्यांचे पुढारी' म्हणून हिणवत, त्यांना निरोप द्यायला गिरणी कामगारांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सारे शहर रस्त्यावर उतरले होते.

असहकार आंदोलनाचा आरंभही त्याच दिवशी ठरलेला होता. गांधीजींनी व्हाइसरॉयना पत्र लिहून 'कैसर-ए-हिंद' आणि इतर पदके परत केली. एका पिढीचे नेतृत्व संपत असताना दुसरीचे आंदोलन सुरू झाले. पुढच्याच वर्षी या आंदोलनासाठी टिळक स्वराज्य फंडात एक कोटी रुपये जमले.

त्याच १ ऑगस्ट १९२० रोजी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील वाटेगावी एका मांग कुटुंबात तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णाभाऊ, जन्मले. शाळा त्यांना जेमतेम दीड दिवस लाभली. कुटुंबासह पायी मुंबई गाठून त्यांनी मिळेल ते काम केले आणि अक्षरओळख स्वतःच्या जिद्दीने करून घेतली. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तमाशाला लोकनाट्याचे रूप दिले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरीने मैदाने जागवली. १९५९ साली आलेली 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहूनच त्यांनी बरेचसे लेखन केले. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. २००२ साली १ ऑगस्टलाच भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

याच तारखेला अमरावतीत १९१३ साली अभिनेते भगवानदादा जन्मले. 'अलबेला' चित्रपटातील त्यांच्या नाचण्याची ढब हिंदी पडद्यावर पुढे अनेकांनी उचलली. मुंबईत १९३३ साली जन्मलेल्या मीनाकुमारी यांना 'बैजू बावरा'साठी पहिला फिल्मफेअर अभिनेत्री पुरस्कार मिळाला. उत्क्रांतीचा विचार डार्विनच्या आधी मांडणारे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांचा जन्मही १ ऑगस्टचाच, १७४४ सालचा. लेखक नीरद चौधरी १९९९ साली याच तारखेला ऑक्सफर्डमध्ये वयाच्या १०१ व्या वर्षी निवर्तले, तर ज्ञानपीठविजेते उर्दू कवी अली सरदार जाफरी २००० साली मुंबईत.

टिळकांनी 'केसरी'तून राजकारण सामान्य वाचकापर्यंत नेले. ज्यांच्यापर्यंत छापील अक्षरच पोहोचले नव्हते, त्यांचे जगणे अण्णाभाऊंनी मराठी साहित्यात आणले. दोघांचे मार्ग वेगळे, पण दोघांच्याही कामाच्या केंद्रस्थानी लोक होते. म्हणूनच १ ऑगस्टला महाराष्ट्रातील शाळांत आणि कार्यालयांत लोकमान्य आणि लोकशाहीर या दोघांच्या प्रतिमांना शेजारी शेजारी हार घातले जातात.