समुद्रावरील तेल आणि खाडीचे जीवन

कांदिवलीच्या पश्चिमेस चारकोपलगत तिवरांचे वन आहे व त्यापलीकडे मनोरीची खाडी अरबी समुद्रास मिळते. मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात पुष्कळदा काळे, चिकट गोळे येऊन पडतात. ते कोठून येतात, हे विद्यार्थ्यांस समजावून सांगणे अगत्याचे आहे.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली १९७४ साली खनिज तेल सापडले व १९७६ पासून ते काढण्यात येऊ लागले. तेल काढताना, नळांतून आणताना किंवा जहाजांच्या टाक्या धुताना त्यातील काही अंश पाण्यात जातो. अपघातांत हे प्रमाण फार वाढते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडले. ४ ऑगस्ट २०११ रोजी ‘रॅक’ हे कोळशाचे जहाज बुडाले व त्यातील इंधन जुहूपर्यंत आले.

सांडलेले तेल पाण्याहून हलके असल्याने तवंग होऊन पसरते. त्यातील हलका भाग वाफ होऊन उडून जातो. जड भाग पाण्याशी घुसळला जाऊन घट्ट होतो व त्याचे गोळे बनतात. नैर्ऋत्येचे वारे त्यांना किनाऱ्याकडे ढकलतात. म्हणून ते पावसाळ्यात अधिक दिसतात.

तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात. त्यांवर तेलाचा लेप बसला म्हणजे झाड गुदमरते. तिवरांच्या आश्रयाने वाढणारे खेकडे, निवटे व कोळंबीची पिल्ले यांसही अपाय होतो, आणि त्याची झळ अखेर कोळ्यांच्या उपजीविकेस लागते.

वर्गात पुढील प्रयोग करावा. परातीत पाणी घेऊन त्यावर चमचाभर गोडेतेल सोडावे व त्यात कोंबडीचे पीस बुडवावे. पिसाचे तंतू एकमेकांस चिकटतात. समुद्रपक्षी तेलात सापडल्यावर त्यास उडणे व ऊब राखणे का कठीण होते, हे मुलांस आपोआप उमगेल.

किनाऱ्यावरील गोळ्यांस मुलांनी हात लावू नये. अंगास डांबर लागल्यास रॉकेल न वापरता खोबरेल तेल चोळून साबणाने धुवावे. समुद्रापासून दूरच्या गावांतही हा पाठ निरुपयोगी नाही. पंपाचे किंवा मोटारीचे जळके तेल ओढ्यात ओतू नये, एवढे मुलांनी घरी जाऊन सांगितले, तरी पाठाचा हेतू सफल होईल.