गाडीतली वीज : चावी खिशात, करंट डायरेक्ट

लिथियम बॅटरीचं या आठवड्यात सांगणार होतो. ते पुढच्या खेपेला. नागपूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि बेत बदलला. त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्या कोरियन गाडीबद्दल कंपनीनं कळवलं की आगीचा धोका आहे, दुरुस्ती होईपर्यंत गाडी गॅरेजात ठेवू नका, घरापासून लांब, उघड्यावर लावा. यथावकाश दुरुस्ती झाली. काय केलं म्हणाल, तर एक फ्यूज बदलला! वाचक विचारतात, बंद गाडी पेट घेईलच कशी? आणि फ्यूज बदलणं याला काय दुरुस्ती म्हणायचं?

पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मागच्या लेखांकातच होतं. गाडीत दोन तऱ्हेचे करंट, एक चावीतून जाणारा आणि दुसरा डायरेक्ट. चावी काढली की पहिला थांबतो. दुसरा थांबत नाही. हॅझर्डचे दिवे, अलार्म, सेंट्रल लॉक आणि आजकालचे अर्धा डझन कंट्रोल युनिट त्याच्यावर जगतात. गाडी कुलूपबंद असली तरी तिच्या अंगात १२ व्होल्ट खेळत असतातच.

दुसरा प्रश्न मात्र माझ्या फार आवडीचा आहे आणि त्याचं उत्तर कोरियात नाही, अमेरिकेतल्या फोर्डमध्ये आहे.

फोर्डच्या क्रूझ कंट्रोलवाल्या, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणाऱ्या, गाड्यांत ब्रेकच्या मास्टर सिलिंडरपाशी एक अंगठ्याएवढा स्विच असायचा. ब्रेक दाबला की पेडलजवळचा नेहमीचा स्विच क्रूझ बंद करतोच. पण तोच निकामी झाला तर? म्हणून हा दुसरा. ब्रेक जोरात दाबला की ऑइलचा दाब वाढून याचे पॉइंट उघडतात आणि क्रूझचा करंट तुटतो. बनवणारी कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, तीच कॅल्क्युलेटरवाली. स्विचच्या एका बाजूला ब्रेक ऑइल, दुसऱ्या बाजूला विजेचे पॉइंट, आणि दोघांच्या मध्ये कॅप्टॉन नावाच्या पिवळट प्लास्टिकचे पातळ पडदे. हे कॅप्टॉन साधंसुधं नव्हे. ड्यूपाँटचं हे संशोधन अपोलोच्या चांद्रयानावरही गेलं होतं. उष्णतेला ते डगमगत नाही. पण इथे त्याच्या वाट्याला वेगळंच काम आलं. प्रत्येक ब्रेकला वाकायचं आणि सरळ व्हायचं, हजारो वेळा, वर्षानुवर्षं. शिवाय काही गाड्यांत ब्रेक सोडल्यावर क्षणभर उलटी ओढ तयार व्हायची, तिनं पडदा मागेही खेचला जायचा. शेवटी तो तडकला.

तडकल्यावर ऑइल थेंबाथेंबानं पॉइंटवर आलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि जुनं, पाणी प्यायलेलं ऑइल वीजही वाहून नेतं. पॉइंट गंजू लागले, गंजाची नि कचऱ्याची वाट पॉइंटपासून स्विचच्या धातूच्या अंगापर्यंत, म्हणजे बॉडी अर्थपर्यंत, तयार झाली. आणि हा स्विच होता डायरेक्टवर! क्रूझ नको, इंजिन नको, चावीही नको. मध्यरात्री गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीत त्या वाटेवरून करंट झिरपत राहिला. गाड्या पेटल्या, काही ठिकाणी घरंही पेटली.

'मग फ्यूज का उडाला नाही?' हे विचारणारा वाचक मला आवडतो. फ्यूजबद्दल बहुतेकांचा समज असा की तो सामानाचं रक्षण करतो. मुळीच नाही. तो वायरचं रक्षण करतो. समजा, लाइनवर १५ अँपिअरचा फ्यूज आहे. सरळ शॉर्ट झाला, पन्नास-शंभर अँपिअर धावले, की तो क्षणात उडेल. पण गंजाची वाट म्हणजे तांब्याची तार नव्हे, तिला स्वतःचा अडथळा असतो. तिच्यातून दहाच अँपिअर गेले तर फ्यूजच्या लेखी सगळं आलबेल आहे. १२ व्होल्टला दहा अँपिअर म्हणजे १२० वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. तशी चार-पाच आयर्न एका अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या स्विचमध्ये रात्रभर तापत ठेवली, आणि शेजारी तापलं की पेटणारं ऑइल.

फोर्डनं पहिला रिकॉल १९९९ मध्ये केला, लिंकन टाउन कार आणि तिच्या भावंडांचा, २ लाख ७९ हजार गाड्यांचा. स्विच बदलून दिला. प्रकरण मिटलं असं वाटलं. जानेवारी २००५ मध्ये पिकअप आणि एसयूव्हींची पाळी आली, सुमारे ८ लाख. त्याच सप्टेंबरात ३८ लाख. इतके सुटे भाग कुठून आणायचे? म्हणून आधी स्विचची वायर काढून ठेवा, क्रूझ चालणार नाही, पण घर जळणार नाही, असा तोडगा निघाला. २००६ मध्ये १२ लाख, २००७ मध्ये ३६ लाख, २००९ मध्ये आणखी ४५ लाख. सगळं मिळून एक कोटी चाळीस लाखांच्या वर. एका अंगठ्याएवढ्या वस्तूपायी! मधल्या काळात फोर्ड आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स यांची ढकलाढकली चालू होतीच. स्विच खराब की स्विच लावण्याची जागा नि पद्धत खराब? २००६ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं आपला हा सगळा सेन्सरचा धंदाच विकला, त्याचं नाव आता सेन्साटा. मला विचाराल तर दोघांपेक्षा मोठा दोषी तो, ज्यानं वायरिंगच्या नकाशावर ही लाइन चावीच्या आधी जोडली. चावीच्या पुढे जोडली असती तर पडदा तडकला असता, ऑइल झिरपलं असतं, आणि रात्री गाडी गार राहिली असती.

शेवटी उपाय काय निघाला? स्विच आणि वायरिंग यांच्या मध्ये जोडायचा वायरचा एक छोटा तुकडा, दोन्ही टोकांना कपलर, आणि त्यात कमी अँपिअरचा फ्यूज. क्रूझला मुळात करंट लागतो थोडाच. त्यामुळे गळती थोडी वाढली की हा फ्यूज लगेच उडतो, गरम व्हायची वेळच येत नाही.

आता कोरियन गाडीकडे या. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत मिळून सुमारे ३४ लाख गाड्या परत बोलावल्या. कारण काय, तर एबीएसच्या युनिटमध्ये ब्रेक ऑइल आतल्या आत गळतं, इलेक्ट्रॉनिक्सवर येतं, शॉर्ट होतो, गाडी उभी असतानाही. तेच ऑइल, तोच डायरेक्ट, आणि उपायही तोच, कमी अँपिअरचा फ्यूज. फोर्डच्या गोष्टीतून हा उद्योग काय शिकला, तर फ्यूज बदलायला!

पण इथे मी वाचकांच्या बाजूला आहे. फोर्डचा तो स्विच जादाचा होता. फ्यूज उडाला तर क्रूझ बंद पडायचं, ब्रेकचं काही बिघडत नव्हतं, आणि मालकाला कळायचंही. एबीएस ही वेगळी चीज आहे. फ्यूज उडाला तर गाडी पेटणार नाही हे खरं, पण ऑइल गळतंच आहे, आणि एबीएस बंद पडलेली गाडी पावसात घसरू शकते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनालाही असंच काहीसं वाटलं असावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी या दोन कंपन्यांचे ब्रेक ऑइल गळून आग लागण्याबद्दलचे २०१६ पासूनचे १६ रिकॉल तपासायला घेतले. गळकं युनिट बदलणं महाग, फ्यूज स्वस्त. हिशेब उघड आहे.

आपल्याकडे? २०१० मध्ये नॅनोच्या काही गाड्या पेटल्या तेव्हा टाटा मोटर्सनं एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून दिलं, मात्र हा रिकॉल नव्हे असंही सांगितलं. तेव्हा सक्ती करणारा कायदाच नव्हता. २०१२ पासून कंपन्यांच्या संघटनेची स्वेच्छेची आचारसंहिता होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकार सक्तीनं रिकॉल करायला लावू शकतं, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड करू शकतं. नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू आहे. फोर्डचे पडदे वर्षानुवर्षांच्या वापरानं तडकले हे लक्षात घ्या, म्हणजे ही सात वर्षांची रेघ मला का खुपते ते कळेल. जुनी गाडी घेतली असेल तर चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. कंपनीचं पत्र बहुधा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं.

आणि कंपनीला बोल लावण्याआधी आपण स्वतः काय डायरेक्ट जोडून घेतलंय तेही बघा. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, जादा हॉर्न, फॉगलॅम्प. ॲक्सेसरीजवाला बॅटरीच्या प्लसवर वायर गुंडाळतो, टेप मारतो, झालं. फ्यूज असलाच तर वायरच्या दुसऱ्या टोकाला, डॅशबोर्डखाली, हाताशी येईल असा. चुकीचा. बॅटरीपासून त्या फ्यूजपर्यंतची चार-पाच फूट वायर फायरवॉलच्या पत्र्याच्या भोकातून जाते, तिथेच ती घासते, आणि घासली तर तिच्या नि बॅटरीच्या मध्ये काहीच नसतं. फ्यूज बॅटरीच्या टोकाला लावून घ्या, शक्य तितका जवळ, आणि वायरच्या जाडीला झेपेल तेवढ्याच अँपिअरचा.