लेडी फर्न म्हणजे मेल फर्नची मादी नव्हे

ब्रिटनच्या ओलसर रानात लेडी फर्न आणि मेल फर्न ही दोन नेची अनेकदा शेजारी शेजारी वाढतात. दोन्हींची पानं मीटरभर लांब होतात आणि कारंज्यासारखी एका गड्ड्यातून वर येतात. एक नाजूक, दुसरं जरा राकट. त्यामुळे ही नर-मादीची जोडी असणार, असं बरेच जण धरून चालतात. लॅटिन नावंही तसंच सुचवतात: फिलिक्स-फेमिना आणि फिलिक्स-मास.

ही जोडी नाहीच. 1753 साली लिनियसने दोन्ही नेची एकाच वंशात ठेवली होती. आज ती वेगळ्या वंशांत, वेगळ्या कुळांत आहेत. लेडी फर्न अ‍ॅथिरियम, मेल फर्न ड्रायॉप्टेरिस. त्यांच्या गुणसूत्रांचा मूळ आकडासुद्धा जुळत नाही: एकाचा 40, दुसऱ्याचा 41. नर-मादीचा प्रकार नेच्यात असतो, पण या मोठ्या पानांत नाही. बीजाणू ओल्या मातीत रुजला की नखाएवढा हिरवा, हृदयाच्या आकाराचा पापुद्रा तयार होतो. त्याच्या खालच्या बाजूला नर आणि मादी असे दोन्ही अवयव येऊ शकतात. नेच्याचं हे दोन पिढ्यांचं जीवन हॉफमाइस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1851 मध्ये उलगडलं.

मग ओळखायचं कसं? पान उलटं करा. मागचे ठिपके ही कीड नव्हे आणि किड्यांची अंडीही नव्हेत. ते बीजाणुधान्यांचे पुंजके असतात. कोवळेपणी प्रत्येक पुंजक्यावर एक पातळ पापुद्रा असतो आणि सगळी ओळख त्यातच आहे. लेडी फर्नमध्ये तो लांबट, अनेकदा एका टोकाला गळासारखा वळलेला. मेल फर्नमध्ये मूत्रपिंडाच्या आकाराचा, घेवड्याच्या दाण्यासारखा. उन्हाळा सरत आला की पापुद्रे सुकतात आणि ठिपके सारखेच दिसू लागतात. म्हणून उन्हाळ्याच्या मध्यावर, भिंग घेऊन बघावं.

तरीही शंका राहिली तर एक पान बुडाशी ब्लेडने कापा. चकतीत लेडी फर्नच्या रसवाहिन्यांच्या दोन चपट्या पट्ट्या दिसतात. मेल फर्नमध्ये छोट्या ठिपक्यांची कमान असते. मला ही खूण सगळ्यांत भरवशाची वाटते, कारण ती ऋतूवर अवलंबून नाही. पूर्ण झाड उपटायची गरज नाही.

देठ लाल असला की जात वेगळी, हाही पक्का समज आहे. लेडी फर्नचे देठ हिरवे असतात तसेच तांबूसही असतात; एकट्या रंगावरून काही ठरत नाही. पानाच्या विचित्र आकारावरूनही नाही. 1861 मध्ये स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या ‘व्हिक्टोरिए’ या लेडी फर्नच्या पर्णिका एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. तरीही ते लेडी फर्नच.

खरी गफलत होते ती स्कॉटलंडच्या उंच डोंगरांवर. तिथलं अल्पाइन लेडी फर्न, म्हणजे अ‍ॅथिरियम डिस्टेंटिफोलियम, हुबेहूब सख्ख्या बहिणीसारखं दिसतं. पण त्याचे पुंजके गोल असतात आणि त्यांवरचा पापुद्रा अगदी नावापुरता, तोही लवकर गळतो. गळाचा आकार शोधायला गेलात तर सापडणारच नाही. तो नसणं हीच तिथली खूण.

आपल्या सह्याद्रीतही अ‍ॅथिरियम आहे. पावसाळ्यात उगवणारं अ‍ॅथिरियम होहेनॅकेरियानम याच वंशातलं. घाटात नेचं दिसलं तर पान तोडू नका, नुसतं हलकेच उलटून बघा.