समुद्रात वाट कोणी द्यायची?

रस्त्यावर गाडी डाव्या बाजूने चालते. चौकात पोलीस असतो. समुद्रावर ना चौक, ना पोलीस. मग दोन नावा जवळ आल्या तर बाजूला कोणी व्हायचे? थोरल्या जहाजाने की धाकट्या होडीने?

यासाठी अनेक देशांनी मिळून १९७२ साली नियम ठरवले. १९७७ पासून ते लागू आहेत. आमच्या कोपरीच्या मीठबंदरापाशी खाडी अरुंद आहे. सुकतीला चिखल उघडा पडतो. इथे मोठे जहाज यायचे नाही. पण हीच खाडी ऐरोलीच्या नि वाशीच्या पुलांखालून मुंबईच्या बंदराला मिळते. तिथे डोंगराएवढी जहाजे चालतात. कोळ्याची होडी तिथे गेली, की नियमांशी तिची गाठ पडते.

नियमांचे मूळ सोपे आहे. ज्याला वळणे सोपे, त्याने अडलेल्याला वाट द्यायची. इंजिनाची नाव हवी तशी वळते, मागेही येते. शिडाची नाव वाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून इंजिनवाल्याने शीडवाल्याला वाट द्यावी. (शीड वर आहे पण इंजिनही चालू, तर ती इंजिनाचीच नाव धरतात.) जाळे ओढणारी नाव म्हणजे दाव्याला बांधलेला बैल. तिला चटकन वळता येत नाही. तिच्यापासून या दोघांनीही दूर राहावे. जिचे सुकाणू मोडले तिला, आणि गाळ काढायच्या कामात गुंतलेल्या जहाजाला, या सगळ्यांनीच वाट द्यावी.

आता जरा सावकाश वाचा. कोळ्याला हा मान केव्हा? जाळे पाण्यात आहे आणि त्यामुळे नाव अडकली आहे तेव्हाच. जाळे वर घेतले, इंजिन लावून घरी निघाले, की ती इतरांसारखीच इंजिनाची नाव. मग दुसरी इंजिनाची नाव उजव्या हाताकडून आडवी येत असेल, तर वाट आपण द्यायची. दोघी समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळायचे. मागून पुढे जाणाऱ्याने पुढच्याला सांभाळून जायचे, मग तो शीडवाला का असेना.

शिवाय जाळे टाकल्याची खूण हवी. दिवसा दोन सुळके टोकाला टोक लावून वर टांगतात. रात्री वर तांबडा दिवा, खाली पांढरा. ओढजाळे असेल तर वरचा दिवा हिरवा. खूणच नसेल तर लांबच्या कप्तानाला कळणार कसे? दिव्याचे चार पैसे वाचवून अंधारात जाळे टाकणे हे आम्हाला काही शहाणपण वाटत नाही.

बंदराच्या वाटेवर मात्र नियम उलटा दिसतो. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागते. ते खोदलेल्या चिंचोळ्या वाटेनेच जाते. बाहेर गेले की रुतले. इंजिन बंद केले तरी ते कितीतरी लांब जाऊन थांबते. म्हणून तिथे मासे धरणाऱ्याने, शीडवाल्याने आणि वीस मीटरांहून लहान नावेने त्याला अडवायचे नाही. नीट पाहिले तर मूळ तेच. इथे अडलेला थोरला आहे, इतकेच.

मुंबई बंदराच्या अशाच वाटेवर ७ ऑगस्ट २०१० रोजी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजे एकमेकांवर आदळली. 'चित्रा' कलंडले. कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडले. जहाजांची ये-जा काही दिवस बंद पडली. लोक मासळी खायला भिऊ लागले. टकरीशी कोळ्याचा काही संबंध नव्हता, पण तोटा त्याच्या घरी आला.

टक्कर होणार हे आधी कसे ओळखावे? आपली नाव सरळ ठेवा. एका जागी बसून दुसरी नाव आपल्या काठावरच्या एखाद्या खुंटीच्या रेषेत धरा. ती त्याच रेषेत राहिली आणि मोठी मोठी दिसू लागली, तर धोका आहे. वळायचे ते लवकर आणि चांगले ठळक वळा. थोडे थोडे वळले तर समोरच्याला उमगत नाही.

ज्याला वाट मिळायची, त्याने दिशा नि वेग बदलू नये. पण समोरचा वळतच नाही असे दिसले तर? हक्क माझा, म्हणून पुढे जायला नियमच मना करतो. भोंगा पाच वेळा तोकडा वाजवावा आणि स्वतः बाजूला व्हावे. दोन्ही इंजिनाच्या नावा असतील आणि दुसरी डावीकडून आडवी येत असेल, तर होता होईतो डावीकडे मात्र वळू नये.