आधार सांगण्याची शिस्त

कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथाने निराधार असे काहीही न लिहिण्याची प्रतिज्ञा केली होती. विद्यार्थ्याच्या प्रबंधालाही हीच कसोटी लागू पडते. विधानाचा आधार सांगणे हा केवळ उपचार नव्हे. त्या आधारावरूनच वाचकाला मूळ लेखनापर्यंत जाऊन खरेखोटे पडताळता येते.

प्रथम कोशाचे उदाहरण घ्यावे. ग्रह किती, असे विचारले तर १९३० पूर्वीचा कोश आठ म्हणेल. प्लुटोच्या शोधानंतरचा नऊ म्हणेल. आणि २००६ साली प्लुटोचे ग्रहपद गेल्यानंतरचा पुन्हा आठच सांगेल. तिन्ही कोश आपापल्या काळी प्रमाणच. म्हणून ‘कोशात असे म्हटले आहे’ एवढ्याने भागत नाही. कोशाचे नाव, खंड, नोंदीचे शीर्षक व प्रकाशनवर्ष ही सर्व द्यावयास हवीत. नोंदीखाली लेखकाचे नाव असेल तर ते आधी द्यावे. कारण विधान त्याचे असते, संपादकाचे नव्हे.

वर्तमानपत्राच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. टिळक त्याच्या संस्थापकांपैकी खरे. परंतु १८८७ पर्यंत संपादक होते आगरकर, आणि टिळकांकडे मुख्यतः इंग्रजी ‘मराठा’ होता. अग्रलेखाखाली लेखकाची सही नसे. अशा स्थितीत १८८२ च्या अंकातील वाक्य उचलून ‘टिळक म्हणतात’ असे लिहिणारा विद्यार्थी कदाचित आगरकरांचे मत टिळकांच्या पदरी बांधीत असतो. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या व आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका चुकीने इतिहासाचा केवढा विपर्यास होतो ते कळून येते.

लेखक अज्ञात असेल तर तर्काने नाव घालू नये. लेखाचे शीर्षक, पत्राचे नाव, प्रकाशनस्थान, पूर्ण दिनांक आणि पृष्ठ द्यावे. एकाच पत्राच्या निरनिराळ्या गावी आवृत्त्या निघत असतील तर आवृत्तीही नोंदवावी. संकेतस्थळावरील मजकूर मागाहून बदलू शकतो. तेथे तो पाहिल्याचा दिनांक जोडावा. जुना उतारा एखाद्या नव्या पुस्तकात वाचला असेल, तर त्या पुस्तकाचेच नाव सांगावे. न पाहिलेला अंक पाहिल्याचा आव आणू नये.

हा सर्व तपशील उतारा घेतानाच टिपणवहीत शेजारी लिहून ठेवावा. म्हणजे मागाहून शोधण्याचे श्रम वाचतात, आणि परीक्षकाने विचारले असता नेमका अंक उघडून दाखविता येतो.