विश्लेषण : प्रसिद्ध गायकाच्या प्रेमात पडलेल्या नायिकेचे पुढे काय होते?

मैफल रंगात आलेली असते, समोर हजारोंची गर्दी असते आणि गायकाची नजर नेमकी एकीवर थांबते. या क्षणापासून सुरू होणाऱ्या प्रेमकादंबऱ्यांना इंग्रजीत गेल्या दशकभरात मोठा वाचक मिळाला. त्यांवर चित्रपट आणि वेबमालिका निघाल्या. मराठीत प्रसिद्ध कलावंतावरच्या प्रेमाची गोष्ट ठळकपणे आली ती आत्मचरित्रांतून, तीही बहुतेक वेळा स्त्रीच्या लेखणीतून. या दोन प्रकारच्या पुस्तकांत फरक काय, याचा हा आढावा.

हा कादंबरीप्रकार नेमका कोणता?

इंग्रजीत त्याला ‘रॉकस्टार रोमान्स’ म्हणतात. नायक नावाजलेला गायक किंवा वादक, नायिका बहुधा चारचौघींसारखी. रॉबिन ली यांची ‘द आयडिया ऑफ यू’ (२०१७) हे त्याचे गाजलेले उदाहरण. चाळिशीच्या उंबरठ्यावरची, एका मुलीची आई असलेली सोलेन आणि तिच्याहून जवळपास निम्म्या वयाचा बँडमधला गायक हेज यांची ही कथा. २०२४ मध्ये तिच्यावर चित्रपट आला, त्यात ॲन हॅथवेने सोलेनची भूमिका केली.

या लाटेचे एक मूळ चाहत्यांच्या लेखनात आहे. ॲना टॉड यांनी २०१३ मध्ये ‘वॉटपॅड’वर ‘आफ्टर’ लिहायला घेतली, तेव्हा नायक ‘वन डायरेक्शन’ बँडच्या हॅरी स्टाइल्सवर बेतलेला होता. पुढच्या वर्षी ती छापील स्वरूपात आली तेव्हा नायकाचे नाव बदलले गेले.

मोबाइलवर ती इतकी का वाचली जाते?

लहान भाग आणि प्रत्येक भागाच्या शेवटी ताणलेली उत्सुकता, ही मासिकांतील क्रमशः कादंबरीची जुनीच युक्ती इथे उपयोगी पडते. मराठीसह अनेक भारतीय भाषांतील ‘प्रतिलिपि’सारख्या ॲपवरही प्रेमकथा अशाच भागाभागांनी येतात. पोलादपूरला एसटीत बसताना एक भाग उघडायचा आणि आंबेनळी घाटाची वळणे संपून महाबळेश्वर येईपर्यंत दोन-तीन भाग संपवायचे, असे हे वाचन.

पण आकर्षण केवळ सोयीचे नाही. ज्याच्या आवाजावर हजारो जण जीव टाकतात, त्याने आपल्याला नावाने ओळखावे, ही इच्छा चाहतेपणाइतकीच जुनी आहे. कादंबरी ती पुरी करते. मात्र यातील बऱ्याच कादंबऱ्या दोघे एकत्र आले की संपतात. ‘द आयडिया ऑफ यू’ वेगळी ठरते ती इथे. प्रसिद्धीचा आणि चाहत्यांच्या रागाचा त्रास लेकीपर्यंत पोहोचल्यावर सोलेन हे नाते तोडते. चित्रपटाने मात्र काही वर्षांनी दोघांची पुन्हा भेट घडवून शेवट गोड केला.

चाहत्यांचा राग तिच्यावरच का निघतो?

याचे उत्तर शोधायला परदेशात जाण्याची गरज नाही. बालगंधर्व (१८८८-१९६७) आणि गोहर कर्नाटकी यांचे नाते महाराष्ट्राने अनेक वर्षे चघळले. गोहरबाई स्वतः नावाजलेल्या गायिका, अमीरबाई कर्नाटकी यांच्या भगिनी. बालगंधर्वांच्या गायकीचा त्यांना ध्यास होता. त्या गंधर्व नाटक मंडळीत आल्या, रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि पुढे दोघांनी संसार केला. अनेक रसिकांना हे रुचले नाही. धर्म वेगळा, त्यात लाडक्या नटाच्या घरात आलेली परकी बाई. बालगंधर्वांच्या उतारवयातील हलाखीचे खापर सहजपणे गोहरबाईंच्या माथी फुटले.

घटनाक्रम वेगळेच सांगतो. मंडळीवर कर्जाचा डोंगर गोहरबाई येण्याच्या कितीतरी आधीपासून होता. बोलपटांनी संगीत नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला होता. खुद्द बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर गेले होते. खर्चाला हात आखडता न घेण्याचा त्यांचा स्वभावही सर्वश्रुत होता. पण आवडत्या कलावंताचा दोष पाहणे चाहत्याला जड जाते, त्याच्या शेजारच्या बाईला दोष देणे सोपे. आज हाच राग समाजमाध्यमांवरच्या ट्रोलिंगमधून दिसतो.

मराठी आत्मचरित्रे काय सांगतात?

सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे. लेखक म्हणून पु. ल. देशपांडे घराघरात पोहोचले, पण ते पेटीवादक आणि संगीतकारही होते. ‘गुळाचा गणपती’ आणि ‘देवबाप्पा’ या १९५३ च्या चित्रपटांतील त्यांच्या चाली आजही गायल्या जातात. रत्नागिरीच्या सुनीता ठाकूर यांनी १९४६ मध्ये त्यांच्याशी प्रेमविवाह केला. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेल्या या स्वतंत्र बाण्याच्या स्त्रीने प्रयोगांची व्यवस्था, व्यवहार, शिस्त असे सारे सांभाळले. पुस्तकात त्यांनी पुलंचे मोठेपण मानले, पण घरातला स्वतःत रमलेला माणूसही दाखवला आणि या सगळ्यात आपण कुठे होतो, हा प्रश्न विचारला. काही वाचक दुखावले, कारण त्यांच्या मनातल्या पुलंना त्यामुळे तडा गेला. अनेक स्त्रियांना मात्र त्यात आपलाच संसार दिसला.

कांचन घाणेकर यांचे ‘नाथ हा माझा’ गायकाचे नाही, नटाचे आहे, पण चाहत्यांचे वेड तेच. डॉ. काशिनाथ घाणेकर यांच्या प्रवेशालाच टाळ्या पडत. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकात त्यांचा संभाजी गाजला. महाड तालुक्यातला रायगड अनेकांनी गड चढण्याआधी या नाटकातून अनुभवला. अभिनेत्री सुलोचना यांची कन्या असलेल्या कांचन यांना प्रसिद्धी नवी नव्हती. तरीही यशाच्या शिखरावरचा नट आणि ते यश ओसरू लागल्यावर अस्वस्थ झालेला माणूस, दोघांशी एकाच वेळी संसार करणे किती कठीण असते, ते पुस्तकात दिसते. २०१८ च्या ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ चित्रपटाला याच पुस्तकाचा आधार होता.

राघवेंद्र भीमसेन जोशी यांचे ‘गाणाऱ्याचे पोर’ आणखी एक बाजू मांडते. पंडित भीमसेन जोशी यांच्या पहिल्या कुटुंबातील या मुलाने वडिलांच्या गाण्यावर जीव टाकला आणि घरातली त्यांची उणीवही सोसली. कलावंताच्या प्रेमाची किंमत केवळ प्रेयसी किंवा पत्नी देत नाही, मुलेही देतात.

मग कादंबऱ्या वाचूच नयेत का?

जरूर वाचाव्यात. स्वप्नरंजन हे प्रेमकादंबरीचे कामच आहे. फक्त वाचताना काही गोष्टींकडे लक्ष दिले, तर बरी-वाईट कादंबरी ओळखता येते. नायिकेला स्वतःचे काम आहे का? नायकाच्या दौऱ्यांपायी ते सुटते का, आणि सुटले तर त्याची चर्चा कथेत होते का? त्याचा मत्सर किंवा पाळत ‘प्रेम’ म्हणून खपवली जाते का? तिला नकार देण्याची मोकळीक आहे का?

मराठीत नव्याने लिहिणाऱ्यांसाठी ही आत्मचरित्रे तयार शिदोरी आहेत. गायकाच्या घरातला पहाटेचा रियाज, दौऱ्यांमुळे हुकलेले सण, दारात ताटकळणारे चाहते आणि या साऱ्यात आपली जागा शोधणारी बाई, एवढे त्यांत आहे. मैफलीतल्या त्या नजरभेटीला हे सारे जोडले, तर मराठीतली कादंबरी लग्नाच्या पुढेही चालू शकेल.