मामाच्या दुकानाची माडी

पेरण्या उरकल्यावर पावसाने झड धरली की शेतकऱ्याला दोन-चार दिवस बसून काढावे लागतात. अशाच झडीत मी एक जपानी कादंबरी वाचून काढली. वाचक बंधू-भगिनींना तिची ओळख करून द्यावीशी वाटते.

नाव ‘मोरिसाकी पुस्तकांच्या दुकानातील दिवस’, लेखक सातोशी यागिसावा. जपानात ती २०१० साली निघाली. २०२३ मध्ये इंग्रजीत आली.

ताकाको ही पंचवीस वर्षांची नोकरदार मुलगी. ज्याच्यावर तिने जीव लावला, तो एके दिवशी जेवता जेवता सांगतो की आपले दुसरीशी लग्न ठरले आहे. तिघेही एकाच कचेरीतले. मुलगी नोकरी सोडते आणि अंथरूण धरते. तेव्हा सातोरूमामा तिला बोलावून घेतो : दुकानाच्या माडीवर येऊन राहा.

हे दुकान टोकियोच्या जिंबोचो भागातले. जुन्या पुस्तकांची शंभरावर दुकाने तेथे खरोखरच आहेत. यासुकुनी रस्त्याच्या दक्षिण बाजूला त्यांची रांग आहे, म्हणजे तोंडे उत्तरेकडे. पुस्तकांना ऊन लागत नाही, कागद लवकर पिवळा पडत नाही. बियाणे उन्हापासून जपा असे सांगत गावोगाव हिंडण्यात माझी हयात गेली, त्यामुळे ही व्यवस्था मनाला फार पटली.

माडीवर पुस्तकांचे ढीग आणि कुबट वास. ताकाकोला वाचनाची गोडी मुळीच नाही. ती दिवसचे दिवस झोपून काढते. मामा तिला वाचायला बसवत नाही, की पुढे काय करणार म्हणून मागे लागत नाही. एका रात्री डोळ्याला डोळा लागेना, म्हणून ती ढिगातले एक पुस्तक उचलते. मुरो साइसेई या जुन्या लेखकाचे ते पुस्तक वाचता वाचता रात्र सरते. मग एकामागून एक पुस्तके वाचून होतात. कुणा अनोळखी वाचकाने ओळीखाली मारलेली रेघही तिला सोबत वाटू लागते.

येथे मला माझीच गोष्ट आठवली. माझा भाचा परीक्षेत नापास होऊन आमच्याकडे आला, तेव्हा चहाचा कप खाली ठेवण्याआधीच मी त्याला तीन मार्ग सुचवले. पिकाला सल्ला द्यायची सवय, दुसरे काय! चौथ्या दिवशी तो निघून गेला.

सातोरूमामा मवाळ आहे, पण मऊ नाही. सगळी हकीकत कळल्यावर तो भाचीला घेऊन रात्रीच त्या माणसाच्या दारात उभा राहतो आणि माफी माग म्हणतो. ताकाकोही मनात साठलेले तोंडावर बोलून मोकळी होते. कादंबरीतला हा प्रसंग मला सर्वांत आवडला.

उत्तरार्ध थोडा संथ आहे. पाच वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली मामी, मोमोको, अचानक परत येते. का गेलीस, का आलीस, हे तिला विचारायला मामा धजत नाही. तो भाचीलाच हळूच म्हणतो, तू जरा काढून बघ.